गल्लीतला गड

वसुबारसेला अजून चार दिवस आहेत. शाळांना सुट्टी पडलीय आणि वडगावच्या या गल्लीत सकाळपासून चिखल तुडवणं चाललंय. बेळगावची दिवाळी किल्ल्यावाचून होत नाही.

आधी दगड-विटांचा ढीग. त्यावर भिजवलेली पोती. पोत्यांवर लाल माती थापायची आणि ती ओली आहे तोवरच कडे कापायचे. हत्यार म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं. उतारावर अळीव, मोहरी पेरली की पाडव्यापर्यंत गड हिरवा होतो.

यंदा रायगड.

आता या हातांकडे बघा. धाकट्यानं वाट सरळ महादरवाजापर्यंत नेली होती. थोरल्यानं ती मोडली. "दार दिसालंय की भायरनं! वळव अजून." दोन बुरूज पुढे ओढले, वाट त्यांच्यामधून फिरवली आणि दार लपलं. गोमुखी बांधणी ती हीच. चालून येणाऱ्याला शेवटच्या वळणापर्यंत दार दिसत नाही, हत्तीला धडकेपुरती धाव मिळत नाही. ही अक्कल साडेतीनशे वर्षांपूर्वीची. आज ती या पोराच्या बोटांत आहे, आणि आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते तेवढ्यासाठीच.

वर जगदीश्वराचं देऊळ. त्याच्या पायरीवर काडेपेटीच्या काडीनं अक्षरं कोरली जातायत. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव खऱ्या गडावर अशाच पायरीवर आहे. मातीत ते जेमतेम वाचता येतं. तरी कोरायचंच.

राजहंसगड इथून हाकेच्या अंतरावर, येळ्ळूरच्या डोंगरावर. हा त्याचा तट, हे आतलं सिद्धेश्वराचं देऊळ. खानापूरच्या रानात भीमगड आहे. पुढच्या दिवाळीला एखाद्या गल्लीनं हेही गड करावेत, असं मनापासून वाटतं. पायांनी चढलेला गड हातांना लवकर कळतो.

बाजारात आता प्लास्टरचे तयार किल्ले आलेत. काही अंगणांत तेच दिसतात.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. बुरुजांवर पणत्या, सदरेवर महाराज, वाटेवर मावळे. एक मुलगी हातात काठी घेऊन गड दाखवतेय: इथं बाजारपेठ, इथं टकमक टोक, आणि इथं ६ जून १६७४ ला राज्याभिषेक. बोलता बोलता ती खाली वाकते, आडवा पडलेला एक मावळा उभा करते आणि पुढे सांगू लागते.

तुळशीचं लग्न झालं की मावळे धुऊन डब्यात जातील. माती परसात.