चेहरा उतरतो तेव्हा

(दृश्य: कोरा कॅनव्हास. शेजारी चिमट्याला लावलेला फोटो.)

फोटो एका आजींचा आहे. खिडकीतला उजेड डाव्या गालावर, उजवी बाजू अंधारात. कॅमेऱ्याने हा चेहरा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच टिपला. चित्रकार मात्र पुढचे तीन दिवस त्याच्यासमोर बसणार आहे.

ब्रश उचलण्याआधी ती फोटोतल्या खोडी शोधते. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे सरकतात. दीड-दोन मीटर मागे जाऊन झूम केलं की तोंडवळा जागेवर येतो. सावलीचं दुखणं निराळं. प्रत्यक्षात सावलीत निळसर, तपकिरी, कधी हिरवट छटा असतात. फोटोत बऱ्याचदा नुसता काळा डाग उरतो. तो तसाच रंगवला तर गालाला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून आजींचे आणखी चार फोटो तिने जवळ ठेवलेत.

(दृश्य: पेन्सिलीने आखलेल्या चौकटी.)

चौकटी आखून चेहरा मोठा करणं ही जुनी युक्ती. अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांनी १९६७-६८ मध्ये स्वतःचा कृष्णधवल फोटो असाच चौकटींनी वाढवला आणि सुमारे नऊ फूट उंचीचं आत्मचित्र ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे पाण्यात कालवायच्या पण वाळल्यावर पक्क्या होणाऱ्या रंगात, रंगवलं. विस्कटलेले केस, ओठांत सिगारेट, सगळं जसंच्या तसं. ‘फोटोवरून काढलंय’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते एकदा पाहावं.

(दृश्य: पॅलेट. रंग कालवणारा हात.)

आजींचं चित्रही ॲक्रिलिकमध्येच होतंय. आता त्याचा स्वभाव. हा रंग वाळला की गडद होतो. गालासाठी मन लावून जुळवलेली छटा चहा पिऊन येईपर्यंत बदललेली असते. ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात असतात तोवर मिश्रण दुधाळ दिसतं. पाणी उडालं की कण एकजीव होऊन त्यांचा पारदर्शक पापुद्रा बनतो. दुधाळपणा जातो आणि रंग गडद दिसतो. यावर तिचा तोडगा साधा आहे. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका ती आधी कागदावर लावते, वाळू देते, मगच कॅनव्हासकडे वळते. तिचे असे ठिपक्यांचे कागद चित्रांइतकेच बघत राहावेत असे असतात.

वाळतोही झपाट्याने. पातळ थराला दहा-वीस मिनिटं पुरतात. तैलरंगासारखा गाल हनुवटीत निवांत मुरवत बसता येत नाही. पाण्याचा बारीक फवारा मारा, वाळणं लांबवणारं द्रव्य, रिटार्डर, घाला, थोडी सवड मिळते, एवढंच. पण याच घाईत सोयही आहे, कारण वाळलेला थर पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तिने आधी बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत आणि पांढऱ्यात फक्त उजेड-सावली मांडली. त्यावर आता येलो ओकर या मातकट पिवळ्याचा, मग लालाचा पातळ, पारदर्शक हात फिरतोय आणि खालची सावली त्यातून दिसत राहते.

(दृश्य: केशरी पार्श्वभूमी. तिच्यावर पांढरा थर.)

दुसऱ्या दिवशी एक फजिती झाली. मागे लावलेल्या भडक केशरीने चेहराच गिळला. तिने त्यावर सरळ पांढरा फासला आणि तासाभरात नव्याने सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी ती फोटो पालथा घालते. आता अंधारी बाजू निळी-जांभळी होते, कपाळावर हिरवा येतो. तरी आजी ओळखू येतात, कारण उजेड-सावलीची उतरंड ढळलेली नाही. खात्रीसाठी ती चित्राचाच मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते. रंग बाजूला झाले की चुकलेली सावली लगेच उघडी पडते. गळ्याखालची एक पडलीच.

फोटो आजींच्या परवानगीने तिने स्वतः काढलेत. दुसऱ्याचा फोटो घेतला की प्रश्न येतो. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी चित्रं केली. त्यांतलं एक मासिकात छापायला दिल्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये निकाल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने लागला.

(दृश्य: ओठांवर बारीक ब्रश.)

राहिलेत ओठ. पाचही फोटोंत आजी हसताहेत, कॅमेऱ्यासाठी हसावं तशा. पण फोटो काढून झाल्यावर त्या बराच वेळ बोलत बसल्या होत्या, आणि मध्येच थांबल्या की खालचा ओठ किंचित आत घेत. तो कुठल्याच फोटोत नाही. तिने तोच रंगवला. तीनदा खोडून, चौथ्यांदा.

ब्रश मात्र लगेच धुवायला हवेत; केसांच्या मुळाशी रंग वाळला की ब्रश कायमचा गेला. नळ सुरू होतो. टेबलावर पालथ्या फोटोच्या कोपऱ्यात निळा अंगठा उमटलाय.