एक पाऊस, दोन ओढे

श्रोतेहो, नमस्कार.

अलास्कातल्या फेअरबँक्स शहराच्या ईशान्येला, साधारण ५० किलोमीटरवर, कॅरिबू आणि पोकर या दोन ओढ्यांचं पाणलोट क्षेत्र आहे. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, डोंगराळ, जंगलानं झाकलेलं. १९६९ पासून ते संशोधनासाठी राखलेलं आहे.

इथली जमीन सगळीकडे सारखी गोठलेली नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर ऊन कमी पडतं. तिथे काळ्या स्प्रूसची खुरटी झाडं आणि त्यांच्याखाली शेवाळाचा जाड थर. गोधडीसारखं हे शेवाळ उन्हाळ्याची उष्णता खाली जाऊ देत नाही. त्यामुळे वरचा हात-दीड हात थर तेवढा वितळतो; त्याखालची माती वर्षानुवर्षं गोठलेलीच. हाच पर्माफ्रॉस्ट. दक्षिण उतारांवर मात्र बर्च, अ‍ॅस्पेनची झाडं आणि पर्माफ्रॉस्ट नसलेली जमीन.

आता शेजारशेजारचे दोन छोटे पाणलोट घ्या. संशोधक त्यांना सी-२ आणि सी-३ म्हणतात. सी-२ मध्ये पर्माफ्रॉस्ट जेमतेम तीन-चार टक्के जागेत, सी-३ मध्ये निम्म्याहून अधिक. पाऊस दोन्हीकडे तोच. पण सी-३ मध्ये पाणी खोल मुरूच शकत नाही. ते शेवाळातून आणि कुजक्या पाल्यातून सरकत ओढ्याला मिळतं. ओढा झटकन फुगतो, झटकन ओसरतो, आणि पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन जास्त असतो. सी-२ मध्ये पाणी खोल मुरतं, खडकातले क्षार घेऊन सावकाश बाहेर येतं, म्हणून पाऊस थांबल्यावरही ओढा टिकून वाहतो.

हे एखाद्या मोसमाच्या मोजणीतून कळलं नसतं. १९८७ पासून बोनान्झा क्रीक या दीर्घकालीन संशोधन कार्यक्रमानं अशा नोंदींना बळ दिलं, आणि मला हे चिकाटीचं काम फार मोलाचं वाटतं. जुलै १९९९ मध्ये तर सी-४ हा पाणलोट मुद्दाम, आखणी करून पेटवला गेला. वणव्यात शेवाळ किती खोल जळतं, यावर खालचा बर्फ टिकणार की नाही हे बरंचसं ठरतं.

जगभरच्या पर्माफ्रॉस्टमध्ये वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन साठलेला आहे. जमीन वितळली की सूक्ष्मजीव तो खाऊ लागतात. निचरा झाला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सुटतो; पाणी तुंबलं तर मिथेनही. म्हणून पाणी कुठल्या वाटेनं जातं, हे मोजत राहणं एवढं महत्त्वाचं आहे.