घंटा वाजण्याआधी

(माहितीपटाचं निवेदन. मैदान. परिपाठाच्या रांगा.)

सातारा जिल्ह्यातल्या एका गावाची ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. आता सुविचार, मग दिनविशेष, मग पंचांग.

तिसरीच्या रांगेत अगदी शेवटी उभा असलेला मुलगा पाहा. कानांवर मोठे निळे हेडफोन आहेत. त्यात गाणी लावलेली नाहीत, बाहेरचा आवाज कमी व्हावा म्हणून ते घातलेत. हाताची बोटं डोळ्यांसमोर सारखी हलतायत. शेजारचा मुलगा त्याच्याकडे वळून बघत नाही, हसत नाही, "बाई, हा बघा" म्हणून ओरडत नाही. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ही रांग अशी नव्हती.

पंचांग सांगून झालं की तो पुढं येतो आणि तक्त्यावरची वाराची पट्टी बदलतो. आज बुधवार. परिपाठातलं हे त्याचं काम. तो तोंडानं फार कमी बोलतो, पण त्यानं वार बदलल्याशिवाय परिपाठ संपत नाही, हे आता पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे.

(वार बदलतानाचं जवळचं दृश्य. निवेदन नाही.)

हा मुलगा ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न असंही म्हणतात. ऑटिझम हा लागणारा रोग नाही आणि संगोपनात काही चुकलं म्हणूनही तो होत नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आवाज, उजेड, स्पर्श, चव हे सगळं त्या मेंदूपर्यंत वेगळ्या तीव्रतेनं पोचतं. बोलण्याची, खेळण्याची, माणसांशी जोडून घेण्याची रीतही वेगळी असते.

(शाळेचं फाटक. आई स्कूटीवरून मुलाला सोडते.)

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तिथून ऑटिझमचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. पुढची कितीतरी वर्षं दोष आयांच्या माथी मारला गेला. आई मायेनं वागत नाही म्हणून मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. ते खोटं होतं. १९९८ मध्ये ऑटिझम लशीमुळे होतो असा संशय घेणारा एक शोधनिबंध आला. तोही टिकला नाही, आणि ज्या नियतकालिकानं तो छापला होता त्यानंच २०१० मध्ये तो मागे घेतला. तरी फाटकाबाहेर या माउलीला अजून विचारलं जातं, "पोटुशी असताना काय खाल्लं होतंस गं?"

या आधीच्या दोन शाळांनी त्याला घेतलं नाही, आईनं नोकरी सोडली, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी खेपा घातल्या. मग तो इथं आला.

(वर्ग. भिंतीवरची चित्रांची पट्टी.)

आता ही पट्टी नीट बघा. वर्गशिक्षिका बाईंची सगळ्यात जास्त मेहनत हिच्यात गेली आहे.

हे चित्रांचं वेळापत्रक. परिपाठ, भाषा, पाण्याची सुट्टी, गणित, जेवण, मैदान, घर. प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड. काम झालं की तो कार्ड काढतो आणि खालच्या खोक्यात टाकतो. पुढं काय आहे हे डोळ्यांसमोर राहतं. आपण घड्याळ बघतो, बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखतो, दुसऱ्यांचं बघून समजून घेतो. त्याला या अंदाजांचा भरवसा वाटत नाही. कार्डाचा वाटतो.

बाईंनी आधी पुस्तकातली चित्रं कापून लावली होती. ती चालली नाहीत. चित्रातल्या नळाखाली पांढरं बेसिन होतं, आणि शाळेत आहे काळी सिंटेक्सची टाकी आणि तिला पिवळी तोटी. त्याच्या दृष्टीनं या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या. मग बाईंनी मोबाइलवर शाळेचेच फोटो काढले. हीच टाकी, हाच फळा, खिचडीचं हेच पातेलं, आणि शेवटच्या कार्डावर आईची स्कूटी. तालुक्याला जाऊन ते छापून आणले, लॅमिनेट केले, मागे वेल्क्रो शिवला. वेल्क्रो शिवून दिला गावातल्या शिंपीकाकांनी, जुन्या दप्तरांचा काढून.

शनिवारी मात्र गाडी अडायची. शनिवारी सकाळची शाळा. खिचडीची वेळ वेगळी, तास लहान, कवायत आधी. सगळी घडी विस्कटलेली. दर शनिवारी तो दारातच बसून राहायचा, आत यायचाच नाही. बाईंनी शनिवारची वेगळी पट्टी केली, पिवळ्या कागदावर. शुक्रवारी घरी जाताना तीच पिवळी पट्टी त्याच्या दप्तरात जाते. रात्री आई त्याला ती दाखवते. आता शनिवारीही तो वर्गात असतो.

(पोरं खिदळत पट्टीपाशी. एक मुलगी बोटानं कार्ड मोजते.)

आणि ही मुलगी ऑटिस्टिक नाही. पट्टी तिलाही आवडते. गणितानंतर काय, हे जाणून घ्यायला कुणाला नको असतं?

(वऱ्हांडा. टांगलेला रुळाचा तुकडा.)

ही शाळेची घंटा. रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि त्यावर लोखंडी सळई. गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाते. आपल्याला तिच्यात शाळा सुटल्याचा आनंद ऐकू येतो. लग्नाच्या वरातीत बँडच्या कर्ण्याला कान लावून कुणी तुम्हाला सतराचा पाढा म्हणायला लावला, तर जे होईल ते या मुलाचं रोज सहा-सात वेळा व्हायचं. तो कान दाबून बाकाखाली शिरायचा. हट्टी आहे, असा शेरा बसायचा.

मुख्याध्यापिकांनी सळई बदलून लाकडी ठोकळा आणला. आवाज अजूनही मैदानभर जातो, पण त्याची धार गेली. शिवाय घंटेआधी पाच मिनिटं शिपाईमामा तिसरीच्या दारात येऊन हाताचा पंजा दाखवतात. पाच. तो हेडफोन चढवतो. एवढंच. या बदलाला शाळेचा एक रुपयाही लागलेला नाही, आणि म्हणूनच "आमच्याकडे निधी नाही" हे उत्तर ऐकलं की राग येतो.

(मामा दारात. हाताचा पंजा. निवेदन नाही.)

वर्गाच्या कोपऱ्यात कपाटामागे जुन्या साडीचा पडदा आहे. आत एक गोधडी आणि डब्यात चिंचोके. डोक्यात सगळं गोळा झालं, सहन होईना, की इथं जाऊन बसायचं. कुणीही जाऊ शकतं. चित्रीकरणाच्या दिवसांत तिथं सगळ्यात जास्त वेळ बसलेला दिसला तो एक वेगळाच मुलगा, ज्याचे आजोबा त्याच आठवड्यात वारले होते. या मुलाला जे अनावर होतं, ज्याला मेल्टडाउन म्हणतात, ते आम्ही चित्रित केलेलं नाही. ते कॅमेऱ्यासाठी नसतं.

(मैदान. विषामृत.)

बाईंनी वर्गाला हे कसं सांगितलं असेल? भाषण केलं नाही. तो आला त्या आठवड्यात एका पोरानं विचारलं, "बाई, तो बोलत का नाही?" बाई म्हणाल्या, "बोलतो. कार्डानं बोलतो. तुला ते वाचता येतं का बघ." दुसऱ्या दिवसापासून पोरं कार्ड वाचायला लागली. "बाई, त्याला पाणी पाहिजे." "बाई, त्याला नको म्हणतोय तो."

विषामृत खेळताना अंगाला हात लागतो. अचानक लागलेला हात त्याला सोसत नाही. मोठ्यांनी ठरवलं असतं, तर त्याला बाजूला बसवून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. पोरांनी नियम बदलला. समोर उभं राहायचं आणि "विष" म्हणायचं. सोडवायचं असेल तर समोर येऊन "अमृत". हात लावायचा नाही. आता सगळी तिसरी असंच खेळते, तो मैदानावर नसला तरीही.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं एक मुद्दा मांडला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच चित्र झालं. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही. अडचण दोन्हीकडून आहे, सुधारायला मात्र एकालाच सांगितलं जातं. या मैदानावर ते ओझं पोरांनी वाटून घेतलं आहे.

(खिचडीची रांग.)

खिचडी शिजवणाऱ्या मावशी. आज मटकीची उसळ आणि भात आहे. त्याच्या ताटलीत भात एकीकडे, उसळ दुसरीकडे, मध्ये जागा. एकात एक कालवलेलं त्याच्या घशाखाली उतरत नाही. मावशींना हे कुणी लेखी दिलं नव्हतं. "दोन दिवस ताट तसंच परत आलं, तवा म्या बघितलं," त्या म्हणतात. कायद्यात यालाच वाजवी सोयीसुविधा म्हणतात. मावशींनी कायदा वाचलेला नाही.

(एसटी स्टँड. विशेष शिक्षिका पिशवी घेऊन उतरतात.)

कायदा आहे, आणि चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि ऑटिझम त्यातलं एक. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. प्रमाणपत्रासाठी आयसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यातून टक्केवारी मिळते. कुठल्या आवाजानं मूल बाकाखाली शिरतं, हे मात्र वर्गातच बघावं लागतं.

ते बघायला या बाई येतात. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका. २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे पहिली ते पाचवीत विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागे एक. या बाई एकट्या कितीतरी गावं फिरतात. या शाळेत त्या येतात तेव्हा तिसरीतली मुलं त्यांची पिशवी धरायला धावतात, आणि एसटीची वेळ झाली की त्या निघतात.

(सातवीचा वर्ग. खिडकीजवळचा बाक.)

याच शाळेत सातवीत एक मुलगी आहे. ती भरपूर बोलते, पहिल्या पाचांत येते, अक्षर मोत्यासारखं. ती ऑटिस्टिक असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मुलींच्या बाबतीत असं फार होतं. त्या इतरांचं बघून बघून वागणं जुळवतात, कुठं हसायचं ते पाठ करतात. दिवसभर ते निभावतं, आणि घरी गेल्यावर ही मुलगी गोधडीत शिरून तास तास कुणाशी बोलायची नाही. ओळखलं ते विशेष शिक्षिकांनी, तिसरीच्या त्या मुलाला बघायला आलेल्या असताना, मधल्या सुट्टीत तिला एकटीला भिंतीकडे तोंड करून उभी बघून. मैत्रिणी तिला चिडवायच्या. ते आता थांबलं आहे.

आम्हाला तिच्याशी बोलायचं होतं. तिनं प्रश्न आधी लेखी मागितले. आम्ही दिले. कॅमेरा समोर नको म्हणाली, म्हणून तो बाजूला ठेवला.

(मुलगी कागदावरून वाचते. तिचा आवाज, चेहरा नाही.)

जूनमध्ये ती आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कूलला जाणार. तिथं साडेतीनशे मुलं, दर तासाला नवे सर. पुढं दहावीला जास्तीचा वेळ मिळेल, बोर्डाची ती सवलत आहे. पण आठवीतला पहिला सोमवार कसा जाणार, त्याला कुठली सवलत? म्हणून तिनं स्वतःविषयी एक पान लिहिलं आहे. बाईंनी फक्त शुद्धलेखन तपासलं.

त्यात लिहिलं आहे: मी डोळ्यांत बघत नसले तरी मी ऐकत असते. एका वेळी एकच गोष्ट सांगा. तास बदलणार असेल तर सकाळीच सांगा. चेष्टा केलीत तर चेष्टा आहे असं म्हणा. मला उभं करून अचानक प्रश्न विचारू नका; वहीत लिहून द्या, मी उत्तर लिहीन. ट्यूबलाइट फडफडत असेल तर मला फळा वाचता येत नाही.

एप्रिलमध्ये ती, आई आणि मुख्याध्यापिका हायस्कूलला जाऊन आल्या. तिथल्या सरांना पान आवडलं. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. हे फोनवर फिरवायचं नाही, ऑफिसात बसून वाचायचं. सर म्हणाले, ठीक आहे. पान आता त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. आठवीला शिकवणाऱ्या सगळ्यांनी वाचून मागे सही करायची, असं ठरलं आहे. चित्रीकरण संपेपर्यंत चार सह्या झाल्या होत्या. आठवीच्या वर्गातली ट्यूब बदलायची आहे, आणि गणिताच्या सरांची सही बाकी आहे.