‘फक्त 16 तास’ शिकवणाऱ्या शिक्षकाचा आठवडा

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकाच आशयाच्या प्रतिक्रिया इतक्या आल्या, की आजचा विषय निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. आठवड्याला 16 तास शिकवायचे, वर मे महिन्याची सुट्टी, मग गाऱ्हाणे कसले, असा त्यांचा सूर होता. विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांच्या कामावर कशाकशाचा परिणाम होतो, हे सांगायचे तर रिक्त जागा, अपुरी ग्रंथालये, गर्दीने भरलेले वर्ग ही कारणे सर्वांच्या तोंडी आहेत, त्यामुळे त्यांवर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचे आहे ते या 16 च्या आकड्याबद्दल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान 40 तासांचा सांगितला आहे. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाने 16 तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने 14 तास करावे, अशी विभागणी आहे. संशोधनासाठी किमान 6 तास राखून ठेवावेत, असेही तिथेच म्हटले आहे. म्हणजे 16 आणि 6 मिळून 22 झाले आणि 18 तास उरले. हे 18 तास रिकामे असतात असा ज्यांचा समज आहे, त्यांच्यासाठी पुढचा हिशेब.

समजा, एका शिक्षिकेकडे चार वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात 60 विद्यार्थी आहेत. आयएसए, म्हणजे सत्राच्या मधल्या चाचणीची एक उत्तरपत्रिका प्रामाणिकपणे तपासायला 10 मिनिटे धरली, तर 240 उत्तरपत्रिकांना 2400 मिनिटे लागतात. याचे 40 तास होतात, म्हणजे नियमातला संपूर्ण आठवडा. हा हिशेब एका फेरीचा आहे. अशा फेऱ्या सत्रात एकाहून अधिक असतात आणि त्यानंतर सत्रान्त परीक्षा येते ती वेगळीच. म्हापशाच्या एका निवृत्त सरांनी लिहिले आहे की त्यांच्या काळी वर्षाला एकच परीक्षा असे आणि तरीही मुले शिकत. सर, आपले म्हणणे मान्य आहे. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये सुरू होण्यापूर्वी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती, आणि त्या पद्धतीत शिक्षकाला सलग काही आठवडे केवळ शिकवण्यासाठी मिळत. आज तेवढी सलगताच उरलेली नाही.

आता हाच आकडा लेक्चर बेसिसवर काम करणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने पाहा. त्याला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. अतिथी शिक्षकांसाठी आयोगाने 2019 मध्ये तासाला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असा दर ठरवला. प्रत्यक्षात हातात काय पडते, ते राज्यागणिक आणि संस्थेगणिक बदलते. पण दर कोणताही असला तरी तयारी, तपासणी, पर्यवेक्षण आणि वर्गाबाहेर येऊन शंका विचारणारी मुले यांचा हिशेब त्यात वेगळा धरला जात नाही. कायम शिक्षकाचे उरलेले 18 तास लोकांना दिसत नाहीत. लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकाच्या बाबतीत ते पगारपत्रकालाही दिसत नाहीत. शिवाय जूनमध्ये प्रवेश पूर्ण होऊन कोणत्या विषयाला किती विद्यार्थी आले हे कळेपर्यंत आपल्याला यंदा तास मिळणार की नाही, याची त्याला खात्री नसते. 2023-24 पासून गोव्यात चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला आणि मुख्य विषयाबरोबर मायनर म्हणजे दुय्यम विषय, बहुशाखीय, कौशल्याधारित अशा निवडी आल्या. एका वर्षी मुलांनी दुसरा पर्याय निवडला, की कोणाचा तरी कार्यभार कमी होतो. अशा माणसाने पुढच्या वर्षासाठी टिपणे कोणत्या भरवशावर तयार करावीत?

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. बढतीसाठी, म्हणजे कॅस (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) या बढती योजनेच्या फाइलसाठी, अध्यापन कसे मोजतात हे किती प्रेक्षकांना माहीत आहे? नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले, याची टक्केवारी काढतात. 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शेरा ‘चांगले’, 70 ते 80 च्या दरम्यान असेल तर ‘समाधानकारक’. तासात काय शिकवले आणि कोणाला काय समजले, याला त्या रकान्यात जागा नाही. याच तक्त्याच्या दुसऱ्या भागात प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचे काम, परिसंवादाचे आयोजन, प्रकाशन अशा बाबी आहेत आणि तिथे ‘चांगले’ मिळवायला किमान तीन बाबींत सहभाग दाखवावा लागतो. ‘दाखवावा’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे.

दाखवणे म्हणजे काय, ते मी एका महाविद्यालयात जवळून पाहिले आहे. पाहुण्यांचे व्याख्यान छान झाले, मुलांनी प्रश्न विचारले, पाहुणे गाडीत बसून निघालेही. मग लक्षात आले की जिओटॅग केलेल्या, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रात फलकावरची तारीख अर्धी कापली गेली आहे. पावसात बसथांब्याकडे निघालेल्या मुलांना परत बोलावण्यात आले, पुढच्या तीन रांगा भरून बसवण्यात आले आणि रिकाम्या व्यासपीठाकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे नवे छायाचित्र निघाले. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला द्यायच्या अहवालाला पुरावा लागतो, हे मला मान्य आहे. पुराव्याशिवाय कोणीही काहीही लिहील. परंतु अहवाल, उपस्थितीपत्रक, अभिप्रायाचे अर्ज, प्रमाणपत्रे आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती एवढे सगळे जमवायला जी संध्याकाळ जाते, ती दुसऱ्या दिवशीच्या तासाच्या तयारीची असते. आणि हे काम बहुधा विभागातल्या सर्वांत कनिष्ठ शिक्षकाकडे सोपवले जाते.

‘मग संशोधन तरी करा’ असे सुचवणाऱ्यांसाठी: आयोगाच्या गुणतक्त्यात एका शोधनिबंधाला भाषा आणि मानव्यविद्यांत 10, विज्ञानात 8 गुण ठरलेले आहेत. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी काढली आणि 2025 मध्ये तीच बंद केली. यादी पाहून ज्यांनी नियतकालिक निवडले आणि निबंध पाठवून वर्षभर वाट पाहिली, त्यांनी आता निकष कोणाला विचारावा? यादीतही दोष होते, हे खरे आहे. पण निबंध लिहायला लागतो त्यापेक्षा कमी काळात नियम बदलत असतील, तर माणूस विषयाऐवजी नियमांचाच अभ्यास करू लागतो.

एका गोष्टीविषयी मात्र कोणी प्रतिक्रिया लिहिली नाही, याचे मला आश्चर्य वाटले. सत्तरी, पेडणे, काणकोण या भागांतून येणाऱ्या कित्येक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून झालेले असते आणि महाविद्यालयात अर्थशास्त्राची मांडणी त्यांना इंग्रजीतून ऐकावी लागते. शिक्षक ती इंग्रजीतून सांगतो, चेहरे पाहून कोकणीतून किंवा मराठीतून उलगडतो आणि उत्तर इंग्रजीत कसे लिहायचे ते पुन्हा सांगतो. एकाच घटकाला असा दुप्पट वेळ लागतो. अभ्यासक्रमाच्या आराखड्यात तासांची संख्या मात्र तीच असते.

पुढच्या व्हिडिओसाठी लेक्चर बेसिसवरील शिक्षकांना माझी विनंती आहे. आपल्या नेमणूकपत्रात तासांव्यतिरिक्त कोणती कामे लिहिली आहेत आणि आपण कोणती करता, हे नाव व संस्था न सांगता कळवावे. त्यावर मी स्वतंत्रपणे बोलेन.