कापूस घरी येऊ दे

[दृश्य: अंधारलेली गल्ली. एकाच घरात दिवा.]

रात्रीचे साडेअकरा. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून बऱ्याच आत असलेलं हे गाव. शेवटची एसटी केव्हाच परतली. या घरातली माय गालाला पदर लावून खाटेवर बसली आहे. आडवं झालं की दाढेचा ठणका वाढतो, म्हणून बसूनच.

दाताची नस कठीण भिंतींच्या आत कोंडलेली असते. कीड तिथवर पोचली की नस सुजते, पण तिला फुगायला जागा नसते. आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दुखणं उसळतं. दिवसभर कापूस वेचताना जे सोसलं, ते रात्री सोसवत नाही.

महिनाभर ती म्हणत होती, “कापूस घरी येऊ दे, मंग पाहू.” तिला बोल लावू नका. वेचणीच्या दिवसांत तालुक्याला जायचं म्हणजे मजुरीही बुडते आणि गाडीभाडंही लागतं.

[दृश्य: चुलीजवळचा फळीवरचा डबा.]

आता घरातले उपाय निघतात. लवंग चालेल, तिच्यातलं युजेनॉल दाढ थोडा वेळ बधिर करतं. कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी चालेल. पॅरासिटामॉलची गोळी पाण्यासोबत गिळायची, चुरून दाढेत भरायची नाही. रुईचा चीक, बिब्बा, तंबाखूची चिमूट यांनी हिरडी भाजते, सोलते. मागच्या आजारातल्या उरलेल्या चार गोळ्या घेऊ नका. गाल बाहेरून शेकू नका. आणि रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातून अळ्या पाडून दाखवणारे अजूनही गावोगाव फिरतात. दातात अळी नसतेच. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल करतात, दात पोखरतो तो त्या आम्लानं.

मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून मायचा चेहरा पाहतो. या रात्रीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

जबड्याखाली किंवा गळ्यात सूज उतरली आहे का? तोंड उघडतं का? घोट गिळता येतो की लाळ गळते? जीभ वर उचलल्यासारखी वाटते का? आवाज बदलला, ताप चढला, डोळ्यापर्यंत गाल सुजला? यातलं काहीही असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. दाढेतला पू जबड्याखाली पसरला की सूज श्वासाची वाट दाबते. माणूस दाढेपायी जीवानिशी जाऊ शकतो, आणि गावात यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नाही. अशा वेळी 108 लावायचा. 2014 पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका फुकट आणि रात्रंदिवस आहे. फोनवर नुसतं “दाढ दुखते” म्हणू नका. “गळा सुजला, श्वास अडतो” असं सांगा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दाताचा डॉक्टर नसतो. दाताची खुर्ची असते मोठ्या सरकारी रुग्णालयात, आणि तीही बहुधा दिवसाच्या ओपीडीत. पण रात्री हवा असतो तो सूज ओळखणारा, सलाईन-इंजेक्शन देणारा आणि यवतमाळच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात वेळेत पाठवणारा डॉक्टर. तो सरकारी रुग्णालयात ड्युटीवर असतो. त्याच्याकडे जा.

एक गोष्ट मात्र घरच्यांच्याच हातात असते. बैलाचं शिंग लागून किंवा कबड्डीत पोराचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर हलकेच धुवा, घासू नका. जमलं तर जागेवर बसवा, नाहीतर गार दुधात टाकून दवाखाना गाठा. अर्ध्या-एक तासात पोचलात तर दात जगण्याची आशा मोठी. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

[दृश्य: पहाट. गावाचा फाटा.]

मायला ताप नव्हता, सूज नव्हती. तिनं रात्र बसून काढली.

“रातभर डोया नाही लागला,” ती म्हणते. वेचणीला निघालेल्या बायका तिच्यासमोरून शेताकडे वळतात. एकीनं तिची कापूस वेचायची ओटी मागून घेतली आहे, तिच्या ओळीचाही कापूस आज तीच वेचणार. पहिली एसटी येते. मुलगा आधी चढून खिडकीजवळची जागा धरतो.