निकेलची बेटं, कोळशाची वीज

नमस्कार श्रोतेहो.

चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील गंजत नाही, त्यात क्रोमियमच्या जोडीला निकेलचाही हात असतो. जगातल्या खाणींमधून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून जास्त आज एकट्या इंडोनेशियात निघतं, तेही मुख्यतः सुलावेसी आणि हालमाहेरा या बेटांवर.

तिथली जमीन आपल्या कोकणासारखी, जांभ्याची. शंभर टन खनिज जहाजात भरलं, तर त्यात निकेल जेमतेम दीड-दोन टन. बाकी सगळी माती. वर्षानुवर्षं ही मातीच परदेशी जात होती. २०१४ मध्ये सरकारनं कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली, २०१७ मध्ये जरा ढील दिली आणि १ जानेवारी २०२० पासून पुन्हा पक्की बंदी घातली. खनिज हवं असेल तर इथे येऊन भट्टी लावा! युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला, २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला. जाकार्तानं अपील केलं, पण बंदी उठवली नाही. मला हा हट्ट रास्त वाटतो. गोव्याचं लोहखनिज कित्येक दशकं मांडवी-जुवारीतून बार्जनं बंदरात गेलं आणि तिथून जपान, चीनला. त्याचं पोलाद झालं ते तिकडे.

बंदीचा परिणामही दिसला. सुलावेसीतल्या मोरोवालीला चिनी भांडवलावर अख्खी उद्योगनगरी उभी राहिली. पण हे खनिज वितळवायला अफाट वीज लागते. म्हणून कारखान्यांनी स्वतःची वीजकेंद्रं बांधली, कोळशावरची. २०२२ च्या सरकारी नियमानं नव्या कोळसा वीजकेंद्रांना मनाई केली खरी, पण त्यातून अशा खनिज उद्योगांना अटींवर सूट दिली. म्हणजे जिथे चाप लावायचा, नेमकी तीच जागा मोकळी! विजेवर धावणाऱ्या गाडीच्या बॅटरीतलं काही निकेल असं कोळशाच्या धुरातून येतं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोरोवालीत एका भट्टीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, हेही या निकेलच्या हिशेबात धरायला हवं.

दुसरा मार्गच नव्हता का? होता, आणि त्याच बेटावर होता. सोरोवाको इथल्या जुन्या निकेल प्रकल्पाच्या विद्युतभट्ट्या लारोना नदीवरच्या तीन जलविद्युत केंद्रांवर चालतात. पहिलं केंद्र तर १९७० च्या दशकातलं. प्रत्येक खाणीशेजारी अशी नदी नसते, मान्य. शिवाय धरणाखालीही कुणाची तरी जमीन जाते. पण वीज कुठून येणार हे आधी ठरवून मग भट्टी लावायची, एवढं तर जमण्यासारखं होतं.

बॅटरीसाठीचं निकेल काढायची आणखी एक, भट्टीपेक्षा वेगळी रीत आहे. मोठ्या दाबाखाली, गंधकाम्लात खनिज विरघळवतात. मागे उरतो तो ओला गाळ, आणि तो साठवायचा कुठे? या भागात पाऊस धो धो पडतो आणि भूकंप वरचेवर होतात. तिथे गाळाचे बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचे आहेत.

प्रवाळांसाठी जगभर नावाजलेल्या, इंडोनेशियातल्याच राजा अंपात बेटांवरही खाणी पोचल्या, तेव्हा लोक खवळले. जून २०२५ मध्ये सरकारनं तिथले पाचपैकी चार परवाने रद्द केले. पाचवा गाग बेटावरचा. तो राहिला. तिथली खाण कंपनी सरकारी समूहाची आहे.