मॅश्ड पोटॅटो आणि पुरणयंत्र

नमस्कार श्रोतेहो.

घरात पुरणयंत्र आहे ना? होळी झाली की ते धुऊनपुसून फळीवर जातं आणि पुढच्या सणापर्यंत तिथंच बसतं. आज ते खाली काढा. मऊ, मलईदार मॅश्ड पोटॅटो करायचे आहेत.

फ्रान्समध्ये १९३२ साली झाँ मांतले या गृहस्थांनी भाज्या गाळायचं हातयंत्र बाजारात आणलं. वर फिरवायचा दांडा, खाली तिरकं पातं आणि भोकांची चकती. बायकोने केलेल्या बटाट्यात गुठळ्या राहायच्या म्हणून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. बायकोचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारलेलं दिसत नाही! याच यंत्रातून पुढे मूलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. त्याचं चित्र पाहिलंत तर म्हणाल, अहो, हे तर आपलं पुरणयंत्र.

मिक्सर मात्र नको. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत फुगलेला स्टार्च भरलेला असतो. चाळणीतून दाबलं की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बहुतेक शाबूत राहतात. मिक्सरचं पातं त्या फाडतं, स्टार्च बाहेर येतो आणि पतंग चिकटवायच्या खळीसारखा गोळा तयार होतो. मग त्यात कितीही साय ओता, उपयोग नाही.

बटाटा जुना, पिठूळ घ्या. अंगठ्याने साल निघणारा नवा बटाटा रश्शाला ठेवा. कुकर लावणार असाल तर बटाटे सालीसकट, आख्खे, वरच्या भांड्यात ठेवा आणि त्या भांड्यात पाणी घालू नका. बटाटा पाणी प्यायला की लोणी, दूध शोषायला त्याच्यात जागा उरत नाही. गरम असतानाच सोला, हात भाजतात, फडक्यात धरा, आणि लगेच यंत्रातून काढा. मग हा कीस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवा. वाफ निघून जाऊ दे. ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि मला विचाराल तर सगळी चव इथंच ठरते.

आता लोणी. पॅरिसचे नामांकित शेफ जोएल रोबुशाँ यांची ख्याती या साध्या पदार्थावर होती. किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी हे त्यांचं प्रमाण. घरी एवढा हात सैल सोडायची गरज नाही. अर्धा किलो बटाट्याला पाऊणशे ग्रॅम पुरे. पण त्यांचा क्रम पाळा: आधी थंड लोण्याचे तुकडे थोडे थोडे घालून घोटायचं, आणि मग कढत दूध, धार धरून. अर्धा किलोला साधारण अर्धी-पाऊण वाटी दूध लागतं. बटाटा जसा असेल तसं कमीजास्त करा. घरचं पांढरं लोणी असेल तर उत्तमच. विकतचं खारं बटर असेल तर मीठ शेवटी, चाखून. मिरपूड वरून.

वाढेपर्यंत वेळ असेल तर भांडं गरम पाण्यात ठेवा. आणि उरलंच, तर त्याचे पॅटिस करायला जाऊ नका, एवढ्या लोण्याने ते तव्यावर पसरतात. चमचाभर दूध घालून मंद आचेवर सारखं करा आणि पोळीबरोबर खा.

नमस्कार.